पहिली पंगत

"तू जेवशी, तवयच मी जेवसू," अभिमनने ताट बायकोकडे सरकवलं.

प्रमिलाबाई घाबरून मागे सरली. "तुम्हना पहिले मी कशी जेवू? पाप लागी."

"भाकर थंडी व्हयी राहिनी," चुलीपुढून अभिमनची आई करवादली. "हाई सोंग पुरे."

धुळ्याच्या कचेरीतला शिपाई अभिमन, साधा माणूस. वर्षभर त्याच्या बायकोच्या हातातून भांडी निसटत होती. कुणी मोठ्याने बोललं की तिच्या छातीत धडधडायचं, डोळ्याला डोळा लागत नसे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "रोग नाही. काळज्या सगळ्यांनाच असतात, ही त्या उपाशीपोटी सोसते. काळा चहा बंद. वेळेवर गरम भाकर, वरण, पालेभाजी, दूध द्या. आणि शांतपणे बसून जेवू द्या."

सांगायला काय जातं! भरल्या घरात सून शेवटी जेवायची. तोवर टोपल्यात गार तुकडा आणि खलात ठेचा उरायचा. अभिमनने आणलेलं दूध ती दिराच्या पोरांना पाजायची. म्हणून त्याने उपासाची ही शक्कल लढवली. झालं काय, तर दोघंही उपाशी झोपली.

शेवटी आईने निकाल दिला. "आखाजीले माहेर धाड तिले. बरी व्हयनी तर आन, नही तर तठेच राहू दे."

आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा सण उलटून महिना झाला आणि मनाला राहवेना, तसा अभिमन एसटीने जळगावजवळच्या नशिराबादला, तिच्या माहेरी गेला. दारातूनच त्याला दिसलं. प्रमिलाबाई बापाशेजारी जेवत होती. तिची आई तव्यावरची भाकर तिच्या ताटात टाकत होती, वडील तोतारामआबा स्वतः वरण वाढत होते. लेकच ती, पहिल्या पंगतीला बसायची. तिचे गाल भरले होते. वाटी तोंडाला लावताना हात जराही कापला नाही. अभिमनला आनंदाचं भरतं आलं.

तेवढ्यात तिने त्याला पाहिलं. ताडकन उठून तिने पदर डोक्यावर ओढला. "कवय उनात? बसा, वाढस तुम्हले." ताट उचलताना वाटी खडखड वाजली, वरण सांडलं.

रोग आपल्याच घरात आहे, हे त्याला कळलं.

"लेवाले उनात का जावाई?" आबा म्हणाले. "पोर बरी शे आते. लई जा."

सकाळपासून अभिमनच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

"नही आबा. जळगावले कचेरीनं काम व्हतं, म्हनीसन उनू." मग तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "मी जेवीसन उनू. तू बस. भाकर थंडी व्हयी राहिनी."

ती बसली. तिने घास घेईपर्यंत तो दारात उभा राहिला, मग वहाणा घालून उन्हात स्टँडकडे निघाला.