सत्काराचा दुपट्टा

सोळा किलोमीटर चालायची परीक्षा संध्यानं सगळ्या पोरींच्या पुढे राहून काढली. मागून धापा टाकत आली ती रीता, पोलीस पाटील केशोरावांची पुतणी. वनरक्षकाच्या यादीत संध्याचं नाव लागलं आणि रीताचं प्रतीक्षा यादीत पहिलं. संध्याच्या बापानं, उदेभाननं, तीस वर्षं त्याच जंगलात रोजीनं खड्डे खणले होते, वणवे विझवले होते. आता तिथंच पोरगी खाकी घालून फिरणार म्हणून त्याचे पाय जमिनीवर ठरेनात.

राहिली होती फक्त चारित्र्याची पडताळणी. कोणते कागद जोडायचे ते विचारायला संध्या केशोरावांच्या ओसरीत जाऊन बसली. शाळेचा दाखला झाला, सरपंचाचा झाला. मग तिनं पिशवीतून एक फोटो काढला.

"काकाजी, हा बी लावू का? चांगल्या वागणुकीचा पुरावा म्हनून?"

फोटो गेल्या मंडईतला होता. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते तेव्हा जो पाहुणा येईल तो आपल्या पक्षाचे दुपट्टे घेऊन येतो आणि स्टेजवर चढेल त्याच्या गळ्यात घालतो. गाव त्याला मान समजतं. त्यावरचं चिन्ह कुणी पाहत नाही, पुढे त्याच दुपट्ट्यानं चुलीवरचा भाताचा तापलेला गंज उतरवतात. संध्या जिल्ह्याच्या शर्यतीत पहिली आली म्हणून केशोरावांनीच तिला धानाच्या बांधीतून, हातातला विळा खाली ठेवायला लावून, बोलावून आणलं होतं. फोटोत पाय मातीचे, गळ्यात जांभळा दुपट्टा आणि तोंडभर हसू. जन्मात तिचा सत्कार झाला तो तेवढाच.

केशोरावांनी चष्मा लावून फोटो पाहिला. दुपट्ट्यावरच्या चिन्हापाशी त्यांचं बोट थांबलं. एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं, पण माणूस आतल्या गाठीचा.

"लाव की बाई. सायेब खूश होईन," ते म्हणाले आणि तिच्यासाठी आतून चहा मागवला.

पंधरा दिवसांनी गोंदियाच्या वन कार्यालयातून बोलावणं आलं. बाबूनं तोच फोटो तिच्यासमोर धरला.

"ये क्या है? पार्टीची कार्यकर्ता आहेस तू. असे लोक सरकारी नोकरीत चालत नाहीत."

"मी कोनत्याच पार्टीची नाही, सायेब. मंडईत सगळ्यायलेच घालतात."

"तर मग गावच्या पोलीस पाटलाकडून तसं लिहून आण. सोमवारपर्यंत. नाही तर पुढचं नाव घेतो."

पोलीस पाटील! तिला एकदम हायसं वाटलं. ते तर घरचेच काकाजी. एसटीतून उतरली ती तशीच ओसरीत गेली.

केशोरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पोरी, मी पोलीस पाटील आहो. पार्टीच्या भानगडीत मले पडता येत नाही. माहीच पाटीलकी जाईन ना."

"पन तुमीच त मले बलावलं होतं, काकाजी! फोटो लाव म्हनून तुमीच सांगतलं!"

"मी कायले सांगू?"

दुसऱ्या दिवशी उदेभान आला. त्यानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "दोन ओळी लिवा, पाटील. खोटं नोका लिवू, जे झालं तेच लिवा."

केशोरावांनी पाय मागे घेतले. "नियम म्हंजे नियम, उदेभान." आणि सोमवार निघून गेला.

पुढच्या दिवाळीनंतर मंडई भरली. पाहुणा तोच, दुपट्टेही तेच. रीता खाकी वर्दीत स्टेजवर बसली होती. माइकवर केशोराव होते, आवाजात मध घोळवत. "आपल्या गावची पयली वनरक्षक! तिचा सत्कार करन आपली धावपटू संध्या!"

संध्या गर्दीत बापाशेजारी बसली होती. मरून जावं असं तिला वाटलं. सगळ्या गावानं माना वळवल्या.

"जा वो बाई," उदेभान तिच्या कानाशी म्हणाला. "माही रोजीची हजेरी आता तिच्याच हातात आहे."

ती उठली, स्टेजवर चढली. कुणीतरी तिच्या हातात जांभळा दुपट्टा दिला. खाली पोरापोरींनी मोबाईल वर केले.

"अन् आयका," केशोराव हसत म्हणाले, "फोटो कोनी काढू नोका. पोरगी नोकरीवाली आहे."

लोक हसले. मोबाईल एकेक करून खाली गेले. संध्यानं दुपट्टा रीताच्या गळ्यात घातला आणि वर पाहिलं. एकच मोबाईल अजून वर होता, तिच्या बापाचा.

केशोरावांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. उदेभाननं मोबाईल खिशात घातला आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.