चेंडू ज्याच्याकडे जात नाही

सगळ्यात मोठा फिल्डर कोण, हा वाद कपाटांच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सुरू व्हायचा आणि भोंगा झाला की अर्धवट राहायचा. अर्धवट राहायचा म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला. मिटला असता तर माणसांनी डबा खाताना काय एकमेकांची तोंडं बघायची?

रंगखात्यातला रंगारी जॉन्टी ऱ्होड्सचा भक्त. "अहो, चेंडू हातात धरून आडवा उडाला आणि चेंडूसकट स्टंपांवर जाऊन आदळला! माणूस आहे की काय आहे?" हे सांगताना तो स्वतःच बाकावर आडवा व्हायचा आणि त्याचं कोपर शेजाऱ्याच्या डब्यात जायचं. म्हातारा वॉचमन सोलकरचा. "डोक्याला हेल्मेट नाही न् काही नाही, बॅट्समनच्या नाकासमोर जाऊन उभा राहायचा. नाहीतर आजकालचे! चेंडू आला की डोळे मिटतात."

'डोळे मिटतात' म्हटलं की कप्तानाचा घास घशात अडकायचा. रोज. तो पाणी प्यायचा आणि शेजारी बसलेल्या भाऊजींकडे चुकूनही बघायचा नाही.

कप्तान म्हणजे कारखान्याच्या क्रिकेट टीमचा कप्तान. एरवी त्याचं काम कपाटांच्या दारांना बिजागऱ्या लावायचं. भाऊजी पॅकिंगमध्ये, कप्तानाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कारखान्यात त्यांना सगळे 'घार' म्हणत. आणि घार शेवटी तोंड उघडायची.

"तुमचं सगळ्यांचं बरोबर आहे," भाऊजी हात पुसत म्हणायचे. "उड्या मारणारे, कॅच घेणारे, सगळे मोठे. पण मला एक सांगा, पोलिसचौकीसमोर कधी चोरी झालेली ऐकलीत? नाही ना? मग! ज्याच्याकडे चेंडू मारायची कुणाची छातीच होत नाही, तो खरा मोठा फिल्डर. इतकी वर्षं मी खेळतोय. किती चेंडू आले माझ्याकडे?"

"एकही नाही!" रंगारी भक्तिभावाने म्हणायचा.

"का नाही आले?"

इथे भोंगा व्हायचा. बरं व्हायचं, कारण का नाही आले याचं उत्तर कप्तानाला ठाऊक होतं.

उत्तर असं. ताईचं लग्न झालं, भाऊजी कारखान्यात नवे लागले, तेव्हा ताई म्हणाली होती, "अरे, यांचं कुणाशी जमत नाही, एकटेच बसतात. घे ना खेळायला." ताईचा शब्द कप्तानाने आजवर मोडला नव्हता. घेतलं. पहिल्याच सराव सामन्यात एक सोपा, अगदी ओंजळीत पडणारा कॅच भाऊजींकडे आला. भाऊजींनी दोन्ही हात पसरले, देवाचं नाव घेतल्यासारखे डोळे गच्च मिटले, आणि चेंडू त्यांच्या छातीवर आदळून गवतात गेला. पुन्हा आला, पुन्हा डोळे मिटले. हा काही सरावाने जाणारा दोष नव्हता. तेल उडालं तरी माणसाचे डोळे मिटतात, तसं होतं ते.

काढून टाकावं तर ताईला काय सांगणार? तेव्हापासून कप्तानाने एक धंदा चालू केला. बॅट्समन आला की तो कुठे मारतो ते हेरायचं, आणि जिथे मारत नाही तिथे भाऊजींना उभं करायचं. बॅट्समन बदलला की भाऊजींची बदली. ओव्हर संपली की भाऊजी मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे. आणि इतकं करूनही चेंडूचा काय भरवसा, म्हणून त्यांच्या मागे चार पावलांवर कप्तान स्वतः. चुकून एखादा चेंडू त्या बाजूला वळलाच, तर भाऊजींनी डोळे मिटायच्या आत कप्तान तो उचलून मोकळा. जुन्या खेळाडूंना हे कळत होतं. ते हसत आणि कप्तानासमोर गप्प बसत. मग ते एकेक करून निवृत्त झाले. नव्या पोरांनी बघितलं ते एवढंच, की कप्तान या माणसाला दर ओव्हरला हलवतो, आणि हा जिथे उभा तिथे चेंडू जात नाही. झालं! झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ झाकायला कप्तान होताच. पलीकडच्या बाटल्यांच्या कारखान्याशी दर वर्षी सामना व्हायचा, तिथपर्यंत घारीची कीर्ती पोचली.

आणि कप्तान? त्याला कुणी फिल्डर म्हणून मोजतच नव्हतं. "कप्तान ना? चांगला माणूस. पळतो बिचारा."

तो बिचारा इतका पळाला की या वर्षी गुडघ्याने हात टेकले. डॉक्टर म्हणाले, हा सामना खेळायचा तर खेळा, पुढचा बघायला जा. आणि नेमकं त्याच वर्षी मालकांना सुचलं. सुट्टीतला वाद त्यांच्या कानावर गेला होता. त्यांनी जाहीर केलं, की जगातला मोठा फिल्डर कोण ते जगाने ठरवावं, आपल्या कारखान्याचा आजवरचा सर्वांत मोठा फिल्डर आपण ठरवू. सामन्याच्या संध्याकाळी बक्षीस. बक्षीस काय, तर कपाट. कपाटांच्या कारखान्यात दुसरं काय मिळणार? पण साधं नव्हे, आरशाचं, आत तिजोरीचा कप्पा असलेलं.

त्या कपाटाच्या बिजागऱ्या कप्तानानेच बसवल्या. बसवताना त्याच्या मनात आलं, एकदा तरी. आयुष्यात एकदा कुणीतरी चार माणसांत म्हणावं, की हा फिल्डर आहे. कपाट नको, त्याच्या खोलीत ते मावणारही नव्हतं. फक्त म्हणावं. तेवढ्यात मागून रंगारी आला आणि दारावर हात फिरवत म्हणाला, "घारीच्या घरी शोभेल हो!" कप्तानाच्या हातातला पाना खाली पडला. वीस वर्षं पळालो मी आणि कपाट यांच्या घरी! त्याला असा राग आला, असा राग आला, की त्या रागातच त्याने ठरवलं. काही बोलायचं नाही. फक्त या वेळी भाऊजींना जिथे चेंडू जातो तिथे उभं करायचं. आणि मागे उभं राहायचं नाही. बाकी काम चेंडू करेल.

सामना रंगला. पण ठरवणं सोपं आणि करणं अवघड. दर ओव्हरला कप्तानाचा हात आपोआप वर जायचा आणि भाऊजींना सुरक्षित जागी धाडायचा. शेवटी शेवटचा चेंडू आला. बाटलीवाल्यांना बरोबरीला एक धाव हवी, जिंकायला दोन. समोर त्यांचा भट्टीवाला, पहिल्या चेंडूपासून फक्त कव्हरमधूनच मारणारा गडी. मैदानाबाहेर आरशाचं कपाट उन्हात चमकत होतं.

"भाऊजी, कव्हरला," कप्तान म्हणाला.

भाऊजी थबकले. "कव्हरला?"

"हो."

भाऊजींनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि मग गेले. कप्तान मुद्दाम उलट्या बाजूला, मिडऑनला जाऊन उभा राहिला. हाताची घडी घालून. आता बघू दे सगळ्यांना, म्हणाला मनात.

बॉलर धावला. आणि कप्तानाच्या पायांनी दगा दिला. चेंडू बॅटवर यायच्या आधीच ते निघाले होते. मन म्हणतंय थांब, गुडघा म्हणतोय थांब, आणि पाय आपले भाऊजींच्या मागच्या त्या चार पावलांवरच्या जागेकडे. वीस वर्षांची सवय ती, एका दिवसाच्या रागाला थोडीच जुमानते?

भट्टीवाल्याने मारला तो कव्हरलाच, पण नीट बसला नाही. भाऊजींनी डोळे मिटले आणि अंग झोकून दिलं. धुळीचा हा लोट उठला! चेंडू त्यांच्या बुटाला चाटून मागे जाऊन मंदावला. धाव अगदी आरामात निघाली असती. पण समोरचा बॅट्समन ओरडला, "घार आहे तिकडे! मागे फिर!" भट्टीवाला निम्म्यावर थांबला. "ये!" "नको!" "अरे ये!" "अरे घार!" तोवर धुळीतून चेंडू आला आणि मधला स्टंप उखडून गेला.

तो कुणी फेकला, हे अंपायरला बघायचं नसतं. बॅट्समन बाहेर आहे एवढं त्याला पुरतं. धूळ बसली तेव्हा लोकांना दिसलं ते असं: पुढे भाऊजी पालथे पडलेले, उजवा हात स्टंपांच्या दिशेने लांब केलेला. पडले तरी नाक वर! आणि मागे, गुडघा धरून, कप्तान खाली बसलेला.

"बिचारा," रंगारी म्हणाला, "धावायला गेला आणि पडला." आणि तो घारीला खांद्यावर घ्यायला धावला.

मालकांनी चार शब्द बोलून वाद कायमचा मिटवला. कपाट घारीला मिळालं. वॉचमनसुद्धा डोळे पुसत म्हणाला, की सोलकरनंतर हाच.

संध्याकाळी ताईचा निरोप आला, जेवायला ये. कप्तान लंगडत गेला. कपाट पुढच्या खोलीत भिंतीशी उभं होतं, पॅकिंगचा पुठ्ठा अजून खाली तसाच. ताईने त्याच्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली, "या वयात कशाला पळतोस रे?" म्हणून रागावली आणि स्वयंपाकघरात गेली. भाऊजींनी मधलं दार लोटून घेतलं.

"एक विचारू?" ते म्हणाले. आवाज घारीचा नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकटे बसायचे, त्या माणसाचा होता. "आज मला कव्हरला का उभं केलंस?"

कप्तान गुडघ्यावरची पिशवी नीट करत राहिला.

"वीस वर्षं मला चेंडूपासून लांब ठेवलंस. भट्टीवाला कुठे मारतो हे मला कळत नाही असं वाटलं तुला? मी कव्हरला चालत गेलो ना, तेव्हा एकच विचार करत होतो. याचं मी काय बिघडवलं?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, डोळे माझेच मिटतात. मला माहीत नसेल तर कुणाला?"

कप्तानाचा पारा चढला. "मग रोज सुट्टीत त्या फुशारक्या कशाला? पोलिसचौकी काय, छाती काय!"

"तुझ्यासाठी!" भाऊजी तेवढ्याच रागाने म्हणाले. "पहिल्याच महिन्यात बोलायला लागले होते सगळे. कप्तान बहिणीच्या नवऱ्याला फुकट खेळवतो म्हणून. तुझी कप्तानी गेली असती. मग म्हटलं, आपण थापा मारू. हसले तर मला हसतील. लोकांनी खऱ्या मानल्या, त्याला मी काय करू? बंद करायची सोयच राहिली नाही. बंद केलं असतं तर पहिलं बोट तुझ्याकडेच दाखवलं असतं." ते कपाटाकडे वळले. "हे तुझं आहे. उद्या पोरं बोलावतो, तुझ्याकडे पोचवतो."

"माझ्याकडे कुठे मावणार?" कप्तान म्हणाला. मग रागात केलेली ती एक गोष्ट त्याने कशीबशी बोलून टाकली. "मुद्दामच केलं, भाऊजी. चुकलो."

"मागे आलास ना पण," भाऊजी म्हणाले.

आतून ताईने हाक मारली, "पानं घेतली आहेत, वाद नंतर घाला!"

कप्तानाने खिशातून कपाटाची जादा किल्ली काढली. बिजागऱ्या बसवल्या त्या दिवसापासून ती त्याच्या खिशातच राहिली होती. "ही राहिली होती. घ्या," म्हणून त्याने ती हळूच भाऊजींकडे फेकली. अगदी ओंजळीत पडेल अशी.

भाऊजींनी दोन्ही हात पसरले आणि डोळे गच्च मिटले. किल्ली छातीवर आपटून खाली पडली आणि कपाटाखाली गेली.

कप्तान उठायला लागला, तशी भाऊजींनी त्याला खांदा दाबून खाली बसवलं. "थांब. आज मी जातो," ते म्हणाले, आणि पालथे पडून त्यांनी उजवा हात कपाटाखाली घातला.