नापास दूध

"वन्सं, लवकर बघा हो, वासरू मोकळंच सोडून आलेय," कॅन पुढे सरकवत वहिनी म्हणाली.

डेअरीच्या फाटकाशी दूध तपासणारी तिची नणंद झाकणावर वाकली आणि तिच्या काळजात धस्स झालं. कसलाही वाईट वास नव्हता. दूध ताजं, गोड होतं. आणि मागची सगळी रांग तिच्या तोंडाकडे बघत होती.

रांगेतले लोक तिला नाकवाली म्हणत, तेही कौतुकानं. झाकण उचलून नुसतं हुंगलं की दूध चांगलं की नासकं ते ती सांगायची आणि तिच्याशी कुणी हुज्जत घालत नसे. नवऱ्यानं टाकल्यापासून ती भावाकडे राहत होती. भाऊ अंथरुणाला खिळलेला. घर चालायचं ते तिच्या पगारावर आणि वहिनीच्या गाईंवर.

पण हल्ली तिला स्वतःचं नाक नकोसं झालं होतं. मागच्या महिन्यात मॅनेजरनं तिला आत बोलावून दार लावून घेतलं होतं.

"आपला परदेशाशी करार झालाय, बाई. तिकडची दूध पावडर आता विनाजकात येते. इथल्या दुधापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. निम्मं दूध परत पाठवा, असा वरून हुकूम आहे."

"मग लोकांना तसं सांगा की, साहेब."

"सांगितलं तर फाटकावर दगड येतील. दूध नासलंय म्हटलं की माणूस मान खाली घालून घरी जातो." तसा तो वाईट नव्हता, बोलताना टेबलावरचे कागद उगाच सारखे करत होता. "तुमच्याच्यानं होत नसेल तर सांगा. दुसरं कुणी बघतो."

तिची पाचावर धारण बसली. दुसऱ्या दिवसापासून ती चांगलं दूध नापास करू लागली. नापास दूध पुन्हा रांगेत येऊ नये म्हणून त्यात निळ्या रंगाचे थेंब टाकायची डेअरीची पद्धत होती. वहिनीच्या कॅनला मात्र तिनं आजवर ती निळी बाटली लावली नव्हती.

आज एका म्हाताऱ्यानं तोंड उघडलंच. "काय हो बाई, आमचंच दूध बरं नासतं रोज? तुमच्या घरच्या गाई काय अमृत देतात?"

हशा पिकला, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. मॅनेजर खिडकीशी येऊन उभा राहिला. बिंग फुटलं तर नोकरी जाईल आणि ही माणसं आपल्याला सोलून काढतील, एवढंच तिला सुचलं. तिनं बाटली उचलली.

"वास येतोय," ती म्हणाली.

निळा रंग दुधात पसरला. वहिनी भांडली असती तर बरं झालं असतं. ती रांगेकडे बघून ओशाळं हसली.

"माझीच चूक. कॅन नीट धुतली नसणार मी."

म्हाताऱ्यानं आपली कॅन पुढे सरकवली.

संध्याकाळी वहिनी कढत पाणी ओतून ओतून कॅन घासत बसली. नणंद उंबऱ्याशी बसून बघत होती. सगळं सांगून टाकावं असं तिच्या मनात आलं. पण वहिनीच्या पोटात काही राहत नसे. तिला आज कळलं, तर उद्या अख्ख्या रांगेला कळणार.

सकाळी धार काढून वहिनी भरलेली कॅन घेऊन तिच्यापुढे आली.

"तुम्ही थांबा वन्सं, आज आधी मी बघते. काल चारचौघांत तुम्हाला खाली बघावं लागलं माझ्यापायी."

तिनं डोळे मिटून झाकण हुंगलं. पुन्हा हुंगलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"येतोय हो," ती हळूच म्हणाली. "थोडासाच, पण येतोय. आणि मला मेलीला इतके दिवस कळलं नाही!"

नाकवालीला त्या दुधाचा वास बसल्या जागी येत होता. चांगला, नुकत्या काढलेल्या दुधाचा वास. नाही वहिनी, एवढंच म्हणायचं होतं. पण तिला खिडकीशी उभा मॅनेजर आणि ती रांग आठवली.

वहिनीनं कॅन मोरीशी नेली आणि दोन्ही हातांनी कलती केली. दुधावरचा फेस अजून बसला नव्हता. सगळं वाहून जाईपर्यंत दोघी तिथंच उभ्या राहिल्या.