भिंगरीच्या तोंडातली वस्ती

भिंगरीच्या पुढच्या दातावर किडीच्या सुरुवातीचा पांढुरका डाग दिसला, त्या दिवशी तिच्या आईला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्याच्या पोटात एक बारीकसा आनंदही होता. आता सापडल्या वन्संबाई!

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नव्हतं. भावाकडेच राहायच्या आणि भिंगरी रांगायच्या आधीपासून दिवसभर तिला त्याच सांभाळायच्या. आई सकाळी दातांच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत जायची ती दिवेलागणीला परतायची. लोकांच्या लाळेचा थेंब काचेच्या ताटलीतल्या जेलीवर पसरायचा, ताटली उबदार कपाटात ठेवायची आणि ठिपके उगवले की ते कोण, कुठले, कोणाचे सोयरे ते शोधायचं, हे तिचं काम. माणसाच्या तोंडात देवाने केवढं गाव वसवलंय, हे ती रोज डोळ्यांनी बघायची. बहुतेक रहिवासी निरुपद्रवी, कित्येक तर उपकारीच. काही मात्र साखर मिळाली की दात पोखरणारे.

त्यामुळे घरात एकच भांडण रोज नव्याने व्हायचं.

"वन्सं, चमचा आधी तुमच्या तोंडात घालू नका म्हटलं होतं ना मी?"

"अगं, बटाटा गरम आहे की गार, ते काय बटाट्याला विचारू?"

"मनगटावर लावून बघा."

"मनगटाला चव कळते होय? मीठ जास्त पडलं असलं तर?"

"दोघींचंही बरोबर आहे," पेपरामागून भिंगरीचे बाबा म्हणायचे.

"तुम्ही गप्प बसा!" आणि "तू गप्प रे!" हे मात्र एकाच दमात यायचं. त्या घरात दोघींचं एकमत व्हायचं ते एवढ्यापुरतंच.

पण चमचा हे निमित्त. खरी ठिणगी वेगळीच होती. भिंगरी पडली की "आत्या" म्हणून भोकाड पसरायची. झोप आली की आत्याच्या पदराचं टोक चोखायची. नको म्हणताना मान वाकडी करायची, ती हुबेहूब वन्संसारखी. आई कामावरून आली की धावत यायची खरी, पण आधी पर्स उघडायची. पर्समध्ये रोज एक गोड गोळी असायची. गोळी तोंडात गेली की पोर पुन्हा आत्याच्या मांडीवर. आईच्या जिवाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आता दातावर डाग पडला होता. पोरीच्या तोंडातले दात किडवणारे जंतू वन्संच्या तोंडातूनच आले, हे सिद्ध करायचं, जंतूंचा वंश दाखवणाऱ्या पट्ट्यांचा छाप नवऱ्यापुढे ठेवायचा आणि भिंगरीला पाळणाघरात घालायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं. मग बघू कोणाचा पदर चोखते!

"कॉलेजात फुकट तपासणी आहे," असं सांगून तिने वन्संकडून वाटीत लाळ घेतली. वन्संनी हौसेने दोनदा दिली. भिंगरीच्या हिरडीवरून कापसाची काडी फिरवली. आणि तुलनेला स्वतःचीही लाळ घेतली, कारण शेजारी दुसऱ्या कोणाचा नमुना ठेवल्याशिवाय काही सिद्ध होत नाही, हा तिथला नियम. दुसरा नियम असा, की नमुन्यावर नाव घालायचं नाही, अक्षर घालायचं. भिंगरी 'क', वन्सं 'ख', आणि ती स्वतः 'ग'.

ठिपके उगवले, वेगळे काढले, त्यांच्या वंशाच्या पट्ट्या पाडल्या. छाप तयार झाला तेव्हा ती हात धूत होती. प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडमनी तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. मॅडमना कौतुक करायला काहीही पुरायचं.

"वा, काय सुरेख आलंय! हे 'क' आणि 'ख' मायलेकी ना? बघ, पट्टीला पट्टी लागलीय. लहान मुलाला जो जवळ घेतो ना, त्याचंच येतं बघ हे." मग त्यांचं बोट खाली सरकलं. "आणि हा 'ग' कोण? कुठेच जुळत नाही. शेजारीण का कोणी?"

"हो," ती म्हणाली. "असंच कोणीतरी."

नळ तसाच वाहत राहिला.

हवा तो पुरावा हाती आला होता, अगदी शंभर टक्के. घरी जाऊन तो टेबलावर आपटायचा एवढंच बाकी होतं. पण आपटून बोलायचं काय? 'बघा, वन्संच्या आणि भिंगरीच्या तोंडात एकच वंश नांदतोय, आणि माझा तिथे मागमूसही नाही' हे? नऊ महिने पोटात कोणी वागवलं, कळा कोणी सोसल्या, आणि पोरीच्या तोंडात बिऱ्हाड थाटलं कोणी! छाप तिने पर्समध्ये घातला आणि घरी गेल्यावर काढलाच नाही.

मत्सराने माणूस शिकलेलं विसरतो म्हणतात. ही काही विसरली नव्हती. दात येताना जे जंतू जागा धरतात, ते सहसा दुसऱ्याला दाराशी उभं करत नाहीत, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरीसुद्धा रविवारी सकाळी वन्सं आंघोळीला गेल्या तशी तिने भिंगरीला समोर बसवलं, बटाटा कुस्करला, चमचा आधी स्वतःच्या तोंडात घातला, चांगला घोळवला, आणि मग पोरीला भरवला. पुन्हा घोळवला, पुन्हा भरवला. डोळे मिटून, नवस फेडावा तशी.

"गार झालाय की तो कधीचा!"

दारात वन्सं उभ्या. डोक्याला टॉवेल, कमरेवर हात.

"आमच्या तोंडाचा चमचा विषारी. आणि तुझ्या तोंडाला काय अत्तर लावलंय?"

तिच्या हातातून चमचा पडला, आणि त्याच्या पाठोपाठ आत साचलेलं सगळंच सांडलं. रडत रडत तिने सांगितलं, तपासणी खोटी होती, पट्ट्या जुळल्या, मॅडम मायलेकी म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या शेजारीण. "तुमचंच आहे सगळं तिच्या तोंडात, वन्सं. माझं काही नाही. पोरगीच तुमची झालीय!"

"माझी?" वन्सं एकदम भडकल्या. "संध्याकाळ झाली की दाराकडे तोंड करून कोण बसतं? जिन्यात तुझी चप्पल वाजली की मला ढकलून पळते ती! दिवसभर जिवाचं रान करायचं मी, आणि चप्पल वाजली की मी कोण? मोलकरीण! रोज बघते मी ते. रोज. आणि पर्समधून गोळ्या कोण चारतं गं? ती साखर काय माझ्या लाळेत उगवते?"

हे तर आईनेच कॉलेजात शंभर जणांना समजावलं होतं. जंतू वन्संचे आणि साखर आपली. तो डाग दोघींनी मिळून वाढवला होता. वन्सं आपल्यावर जळतात, हे मात्र कुठल्याच ताटलीत उगवलं नव्हतं.

वन्संनी खाली बसून फरशीवरचा बटाटा पुसला. मग फडकं हातातच धरून, अगदी हळू, चोरट्यासारखं विचारलं, "ते जंतू... मोठी झाल्यावर निघून जातात का गं?"

आईच्या जिभेवर उत्तर तयार होतं. दात किडवणारी जात आहे ती, वन्सं, मिरवण्यासारखी नाही. एवढं एकच वाक्य बोललं असतं तर वन्संचं तोंड कायमचं बंद झालं असतं.

"नाही जात सहसा," ती म्हणाली. "राहतात."

"मी मेल्यावरसुद्धा?"

"हो. तिला मूल झालं तर त्यालाही देईल."

वन्संनी टॉवेलच्या टोकाने डोळे टिपले. "चमचा नाही हो घालणार आता तोंडात," त्या म्हणाल्या. "आणि तू गोळ्या बंद कर." मग उठल्या त्या थेट गॅलरीत गेल्या. समोरच्या काकू कपडे वाळत घालत होत्या.

"अहो, ऐकलंत का? आमच्या भिंगरीच्या तोंडात सगळं माझ्या वळणाचं आहे! मी नाही म्हणत, कॉलेजात तपासलंय! पट्टीला पट्टी!"

भिंगरीचे बाबा पेपर खाली ठेवून आत आले. "ताई काय म्हणतेय? खरंय का?"

गॅलरीतून अजून आवाज येतच होता. आता वरच्या मजल्यालाही कळवणं चाललं होतं.

"खरंय," आई म्हणाली, आणि भिंगरीला ओढून मांडीवर इतकी घट्ट धरली की पोर कुरकुरली.

मग तिने हात सैल केले. जरासेच.