पाळण्याला बांधलेलं सूत

संध्याकाळचे पाच वाजले की ठकी रडायला लागायची. घड्याळ एक वेळ मागे पडेल, ठकी पडायची नाही. पाय पोटाशी ओढून, मुठी आवळून, तोंड लालबुंद करून जो सूर लावायची तो थेट सातपर्यंत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पोटात वायू धरतो. तीन-चार महिन्यांत आपोआप थांबेल. तोवर धीर धरा." धीर धरा म्हणायला त्यांचं काय जात होतं!

ठकीची आई कोर्टात लघुलेखिका होती. बारा वर्षं तिने लोकांचं बोलणं कागदावर उतरवलं होतं. साक्षीदाराने आवंढा गिळला तरी तिला कळायचं. कोर्टातले वकील म्हणायचे, बाईंना मुंगीची पावलंही ऐकू येतात. त्याच कानांनी आता तिचा घात केला होता. ठकीचा पहिला हुंदका आला की तिचे खांदे कानांपर्यंत चढायचे आणि हात लाकडासारखे व्हायचे. तिने काय काय करून पाहिलं! दूध पाजून पाठ थोपटली, पोटावर कोमट फडकं ठेवलं, सायकल चालवल्यासारखे पाय हलवले, येरझारा घालून फरशी झिजवली. चार पुस्तकं वाचली. पण ठकी काही ती पुस्तकं वाचून जन्माला आली नव्हती.

आणि मग यायच्या वन्सं.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. खालच्याच मजल्यावर एकट्या राहायच्या. पंचवीस वर्षं कापडगिरणीत माग चालवून आता घरी बसल्या होत्या. दारावर टकटक करणं त्यांना ठाऊकच नव्हतं. सरळ आत शिरायच्या, "आण इकडे" म्हणायच्या आणि ठकीला डाव्या हातावर पालथी घालायच्या. डोकं कोपराच्या घडीत, पोट मनगटाजवळ, पाय दोन्ही बाजूंना लोंबते. मग उभ्या उभ्या डोलायच्या. पाच-दहा मिनिटांत ठकी गप्प.

"बघ, कशी मांजरीसारखी पडली!" वन्सं मोठ्याने म्हणायच्या. त्या सगळंच मोठ्याने म्हणायच्या.

"तुमच्या हातात जादू आहे हो," ठकीची आई हसून म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची.

नऊ महिने मी वागवलं, कळा मी सोसल्या, आणि गप्प व्हायला हिला आत्या हवी! वन्सं खाली गेल्या की ठकीच्या टाळूला त्यांच्या साबणाचा वास यायचा. ती तो ओल्या फडक्याने पुसून काढायची. पाळण्याच्या कडीला रोज पांढऱ्या सुताचं टोक लोंबताना दिसायचं. दुपारी ती जरा आडवी व्हायची तेव्हा वन्सं ठकीपाशी बसायच्या, त्यांचाच हा पसारा. गिरणी सुटली, पण बाईचं सूत काही सुटत नाही, असं पुटपुटत ती ते कात्रीने कापून टाकायची. कापताना बरं वाटायचं.

सोमवारी तिची रजा संपत होती. त्यानंतर दहा ते सहा ठकी वन्संच्या ताब्यात. त्याआधी एकदा, फक्त एकदा, ठकीने आपल्या हातात गप्प व्हावं, एवढंच तिला हवं होतं. नाहीतर आई कोण आणि आत्या कोण, हे पोर परस्परच ठरवून मोकळी व्हायची.

गुरुवारी तिच्या डोक्यात संशयाचा किडा शिरला. ही बाई पोरीला काही पाजत तर नसेल? "दुकानात जाऊन येते," असं वन्संना सांगून ती बाहेर पडली आणि सव्वापाचला चपला हातात घेऊन चोरासारखी स्वतःच्याच घरात शिरली.

वन्सं खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. ठकी बेंबीच्या देठापासून ओरडत होती आणि वन्सं जणू देवळात उभ्या असाव्यात तशा संथ डोलत होत्या.

"वन्सं, काय पाजता हो तिला?"

वन्सं डोलतच राहिल्या.

"वन्सं, मी तुमच्याशी बोलतेय."

मान वळवायचीही तसदी नाही! एवढी किंमत! तिचा तोल सुटला. "माझी मुलगी आहे ती!" ती किंचाळली.

ठकी दचकून क्षणभर थांबली. वन्सं दचकल्या नाहीत.

ठकीची आई जागच्या जागी थिजली. ते मोठ्याने बोलणं. ते दार न वाजवणं. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघणं. तिला वाटायचं, बाई आपले दात मोजते. बारा वर्षं कानांवर पोट भरणाऱ्या बाईला घरातली एवढी गोष्ट कळली नव्हती.

वन्सं वळल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "कधी आलीस?"

"तुम्हाला ऐकू येत नाही."

वन्संनी तिच्या ओठांवरून नजर काढली नाही. "मागांनी खाल्ले कान. साठ माग एकदम चालायचे गं, आम्ही बायका ओठांवरूनच बोलायचो. थोडं उरलं होतं, तेही आता गेलं." मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. बहिरीच्या हाती पोर कोण देईल?"

एक वाक्य. नवऱ्याला फक्त एक वाक्य सांगायचं होतं. पाळणाघर बघू, वन्संना कशाला त्रास. त्यात खोटं काहीच नव्हतं, शपथेवर सांगता आलं असतं. तो विचार तिच्या जिभेवर खडीसाखरेसारखा विरघळत राहिला.

"मग ती उठली की तुम्हाला कळतं कसं?" तिने उलटतपासणी सुरू केली.

"डोळ्यांनी. आणि झोपली असली की सुताने. एक टोक पाळण्याला, एक माझ्या मनगटाला. मागावर धागा तुटला की बोटाला कळायचं, तसंच हे. हिने नुसता पाय झाडला तरी मला कळतं. पण रोज कोणीतरी सूत कापून टाकतं. मी रोज नवं बांधते."

ठकीच्या आईचे कान तापले. वन्संना चेहरे वाचायची सवय होती.

"एक विचारू?" वन्सं म्हणाल्या. "हिचा आवाज कसा आहे गं? बारीक की जाड? मला नुसतं उघडलेलं तोंड दिसतं. तू रोज ऐकतेस. किती जळते मी तुझ्यावर, काय सांगू."

दोन महिने जो आवाज बंद व्हावा म्हणून ती तडफडली होती, तो तिने आता नीट ऐकला. "बारीक आहे. आधी तीन छोटे हुंदके, मग एक लांब. शेवटी घोगरा होतो. तुमच्या भावाचा सर्दीत होतो ना, अगदी तसा."

वन्सं इतक्या हसल्या की ठकी त्यांच्या हातावर गदगदा हलली. "घे," त्या म्हणाल्या आणि ठकीला तिच्या डाव्या हातावर पालथी घातली. मग मागे जाऊन त्यांनी आपल्या दोन्ही तळव्यांनी ठकीच्या आईचे कान घट्ट झाकले.

रडणं लांब गेलं, भिंतीपलीकडे गेल्यासारखं. उरलं फक्त मनगटाजवळचं छोटं, टणक, ऊन पोट. तिचे खांदे खाली आले. वन्सं पाठीशी डोलत होत्या म्हणून तीही डोलू लागली. किती वेळ गेला कोण जाणे. मनगटाला एक गुरगुर जाणवली, मग ठकीच्या लंगोटातून एक छोटासा बार निघाला. वन्संनी हात काढले तेव्हा घरात नळाची टिपटिप ऐकू येत होती.

सातला नवरा आला. "अरे वा, शांतता! ताईने झोपवली ना?"

"मी झोपवली," ती म्हणाली. मग वन्संकडे बघत, ओठ स्वच्छ हलवत म्हणाली, "वन्संना काही सांगायचंय. त्यांचं आधी पूर्ण ऐकून घ्या, मग त्यांच्या बाजूने मी बोलणार आहे."

वन्संनी सांगितलं. भावाने कपाळावर हात मारला. "म्हणून तू फोन उचलत नाहीस होय! आणि मी समजत होतो, रागावली आहेस." मग बायकोकडे वळून काळजीने म्हणाला, "सोमवारचं काय करायचं? तुझं काय म्हणणं?"

"सूत जरा जाड हवं," ती म्हणाली. "बारीक तुटतं."

"तुटत नाही," वन्सं छताकडे बघत म्हणाल्या. "कोणीतरी कापतं."

तिने मुकाट्याने रीळ आणलं. एक टोक पाळण्याच्या कडीला बांधलं, दुसरं वन्संच्या मनगटाला. मनगटाची गाठ तिने जरुरीपेक्षा किंचित जास्तच आवळली.