लिनेट ट्रँटरचं अर्धं घर

लिनेट ट्रँटरने अर्धं घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिच्या वडिलांनी, विल्फने, हसत हसत विचारलं, "संडास कुणाच्या अर्ध्यात आलाय, तेवढं बघितलंस ना?"

"डॅड, तसं नसतं ते. राहायचं सगळ्या घरात आपणच. अर्धी मालकी आपली, उरलेल्या अर्ध्याचं भाडं गृहसंस्थेला द्यायचं. पुढेमागे जमलं तर तेही विकत घ्यायचं."

"म्हणजे छप्पर गळलं तर आख्खं आपलं, आणि मालकी अर्धी."

"असू दे. पण घर विकायचंय, निघा, असं कुणी म्हणणार नाही."

घटस्फोटानंतर लिनेट इंग्लंडातल्या ग्लॉस्टर शहरभर भाड्याने राहिली होती, आणि दर खेपेला कुठला तरी मालक घर विकायला काढायचा. आई गेल्यावर विल्फ तिच्याकडेच राहायला आला. हा माणूस जन्मभर कालव्यावर बोटींसाठी पूल उघडायचं काम करत आलेला. आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे जिने चढायचे म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. लिनेट शहरात बस चालवायची. पूर्ण घर तिच्या आवाक्यातलं नव्हतं. शहराच्या दक्षिणेला गृहसंस्थेची नवी वसाहत होत होती. तिथलं खाली झोपायची खोली असलेलं चार नंबरचं घर तिला मिळालं, तेव्हा ती गाडीत बसून एकटीच रडली.

जूनमध्ये किल्ली मिळेल, असं संस्थेच्या गॅरेथ लोमॅक्सने सांगितलं. फोनवर फार गोड बोलायचा तो. त्याच्या भरवशावर लिनेटने भाड्याचं घर सोडलं. जून गेला. मग सांगितलं ऑगस्ट. तोही गेला. तोवर बापलेक लिनेटच्या बहिणीच्या, मॉइराच्या, दारात उभ्या केलेल्या जुन्या कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या खोलीत, येऊन पडले होते. कपाट उघडायचं तर विल्फला पाय वर घ्यावे लागत. मॉइराच्या नवऱ्याला स्वतःची गाडी रस्त्यावर लावावी लागे आणि तो दार जरा जोरातच आपटायचा.

दर शुक्रवारी लिनेट फोन करायची.

"मिसेस ट्रँटर, आमच्याकडून सगळं तयार आहे हो," गॅरेथ म्हणायचा. "तुमच्या वकिलांचं उत्तर तेवढं यायचंय."

ती वकिलाला फोन करायची. वकील म्हणायचा, संस्थेकडून कागद येत नाहीत. पुन्हा गॅरेथला फोन केला की तो म्हणायचा, मग बँकेकडे अडलं असेल. लिनेटला वाटायला लागलं, आपलंच काहीतरी चुकतंय. वकील स्वस्तातला घेतला तो नडला. कुठला तरी रकाना आपणच रिकामा सोडला असणार.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी ती घर बघायला गेली. बघायला म्हणजे, जाळीच्या कुंपणातून. चार नंबरचं दार निळं होतं. खिडक्यांवरचे कारखान्याचे स्टिकरसुद्धा कुणी काढले नव्हते. शेजारी एक गरोदर बाई कुंपणाला नाक लावून उभी होती.

"तुमचं कुठलं?" लिनेटने विचारलं.

"पाच नंबर. पडदे शिवून ठेवलेत, आता खिडकी तेवढी मिळायची राहिलीय." बाईचं नाव येवांडे आडेयेमी. सरकारी दवाखान्यात नर्स होती. "आमचा वकीलच ढिला निघाला हो. संस्थेचं सगळं तयार आहे म्हणे."

लिनेटने तिच्याकडे वळून बघितलं. "कोण म्हणालं?"

"गॅरेथ."

"गॅरेथ लोमॅक्स? मलाही तेच सांगतो तो. अगदी हेच शब्द!"

मग येवांडेने नायजेरियात आजीकडून शिकलेली एक शिवी हासडली. लिनेटला अर्थ कळला नाही, पण रोख कळला.

आठवडाभरात दोघींनी उरलेल्या घरांची माणसं शोधून काढली. सगळ्यांचेच वकील ढिले होते. जो तो आपापल्या घरी बसून स्वतःलाच बोल लावत होता.

आणि त्याच आठवड्यात गॅरेथचा फोन आला. बँकेने दिलेल्या कर्जमंजुरीची मुदत संपत आली होती. तोवर व्यवहार झाला नाही, तर घर यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावं लागेल, नियमच तसा आहे, असं तो म्हणाला.

"म्हणजे उशीर तुम्ही करायचा आणि घर माझं जायचं?"

"उशीर कुणामुळे झाला, त्यात आपण न पडलेलं बरं, मिसेस ट्रँटर."

"मी पडणार आहे," लिनेट म्हणाली. "चांगली उडी मारून पडणार आहे. नमस्कार."

शनिवारी संस्थेने वसाहतीचं नमुना घर लोकांना बघायला खुलं ठेवलं होतं. मागच्या बाजूच्या नव्या घरांची नोंदणी सुरू व्हायची होती. दारावर फुगे, आत कॉफी. समोरच्या सार्वजनिक फुटपाथवर लिनेटने घडीचं टेबल मांडलं. चहाची किटली ठेवली, येवांडेने केक आणला, विल्फ ब्लँकेट गुंडाळून खुर्चीत बसला. बाकीचे लोकही आले. पुठ्ठ्यावर लिनेटने रंगाने ठळक लिहिलं होतं : आम्ही इथली घरं घेतलीत. ताबा कधी मिळाला, ते विचारा.

लोक विचारायला लागले. केकही खायला लागले. एक तरुण जोडपं नमुना घराकडे निघालं होतं, ते टेबलापाशीच रेंगाळलं.

गॅरेथ बाहेर आला. लिनेटने त्याला आज पहिल्यांदा बघितलं. वाटला होता त्यापेक्षा वयाने लहान होता, आणि कोटाला नावाची पट्टी उलटी लावलेली.

"मिसेस ट्रँटर, हे बरं नाही. मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलव ना बाळा," विल्फ म्हणाला. "चहा भरपूर आहे."

लोक हसले. लिनेट हसली नाही. "गॅरेथ, मला फक्त एक सांगा. माझ्या वकिलामुळे अडलंय, असं इथे सगळ्यांसमोर म्हणा. म्हणा, आणि मी टेबल उचलते."

गॅरेथने तोंड उघडलं. समोर येवांडे पोटावर हात ठेवून उभी होती. बाकीचेही बघत होते.

"यांच्या वकिलामुळे नाही, तर मग कुणामुळे?" त्या तरुणाने विचारलं. "आम्हीही पैसे भरणार आहोत."

"ड्रेनेज," गॅरेथ हळूच म्हणाला. "मोठ्या गटाराला जोडलेलं नाही. बिल्डर आणि आमचं भांडण चाललंय. मला सांगायची परवानगी नव्हती."

"कधीपासून?"

"उन्हाळ्याच्या आधीपासून."

एवढे महिने लिनेट अंथरुणावर पडून आपलीच चूक शोधत होती. डोळ्यांत पाणी आलं ते तिने बाहीला पुसलं आणि ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा येणार. त्याच्या पुढच्याही. घर माझं आहे, आणि ते मी सोडणार नाही. हे तुमच्या वरच्यांना सांगा."

आणि ती येत राहिली. पावसात विल्फच्या डोक्यावर छत्री बांधली, गारठ्यात सूप आणलं. स्थानिक वर्तमानपत्राची बाई येऊन गेली. नोंदणी थंडावली, तसा संस्थेचा वरचा साहेब स्वतः फुटपाथवर आला आणि सगळ्यांना लेखी कळवू म्हणाला. लिनेटने त्याला तिथेच बसवून लिहून घेतलं : चूक संस्थेची, घरं कुणाचीही काढून घेणार नाही, बँकांना मुदतवाढीची विनंती संस्थाच करेल. बँकांनी कुरकुर करत बहुतेकांना मुदत दिली. आठ नंबरच्या निवृत्त पोस्टमनला वयामुळे नवं कर्ज मिळालं नाही, आणि तो मुलाकडे वेल्सला निघून गेला. जाताना त्याने टेबलापाशी शेवटचा चहा घेतला. लिनेटला तो हिशेब कधीच चुकता झाल्यासारखा वाटला नाही.

मार्चमध्ये ड्रेनेज एकदाचं जोडलं गेलं आणि किल्ल्या मिळाल्या. सामान उतरवत असताना गॅरेथ फुलं घेऊन आला. बरोबर कॅमेरा घेतलेली एक पोक्त बाई होती.

"संस्थेच्या मासिकासाठी," गॅरेथ म्हणाला. "दारात किल्ली हातात धरून, जरा हसून."

"नाही."

"एकच फोटो, मिसेस ट्रँटर. सगळे देतात."

"फोटो काढायचा होता, तर आम्ही भिजत बसलो होतो तेव्हा काढायचा. फुलं ठेवा, डॅडला आवडतात. हसणं मिळणार नाही."

गॅरेथ मान खाली घालून पाच नंबरकडे गेला. येवांडे खिडकीशी तान्ह्या मुलीला घेऊन उभी होती. तिने आतूनच बोट हलवून नको म्हटलं आणि तिच्या त्या शिवून ठेवलेल्या पडद्यांपैकी एक ओढून घेतला.

पाऊस भुरभुरायला लागला होता. लिनेट सोफ्याचं एक टोक धरून एकटीच ओढत होती. कॅमेरावाल्या बाईने कॅमेरा पिशवीत टाकला, बाह्या वर केल्या आणि दुसरं टोक उचललं.

"आडवा करा," ती म्हणाली. "नाहीतर दारात अडकेल."