अर्गवानाचा जामीन

मी अर्गवानाचं एक जुनं झाड आहे, आणि माझ्या बुंध्यावर कुऱ्हाडीचे तीन घाव आहेत. मित्रांनो, ज्याने ते घातले तो माणूस वाईट नव्हता. झाडांवर त्याचा फार जीव होता. झाडांचे सगळ्यात जास्त हाल अशीच माणसं करतात.

माझा जन्म इराणातल्या खोर्रमाबादच्या वरच्या घळीत, खडकाच्या फटीत झाला. तिथे तलअतने मला हेरलं. तिच्या नव्या घराच्या अंगणात काय लावायचं यावरून चार दिवस धुसफूस चालली होती. नवरा नौजर अक्रोड म्हणत होता, सासू डाळिंब. माझं फळ खाता येत नाही, आणि हिवाळाभर मी म्हणजे नुसता काटक्यांचा सांगाडा.

"खायला घालत नाही ते झाड पोसायचं कशाला?" सासूने विचारलं.

"खिडकीतून बघायला," तलअत म्हणाली. "वसंतात एकही पान नसताना काळ्या फांद्या गुलाबी होतात, सासूबाई. माझ्या माहेरी सगळी घळ पेटल्यासारखी दिसते."

तिचाच हट्ट चालला. पानगळ झाल्यावर नौजर कुदळ घेऊन आला. त्याने खडक फोडला, माझी मुळं तोडली आणि मला खांद्यावर टाकून घरी नेलं. तो मला हौदाच्या काठी लावणार होता, पण पाय भिजले की हा कुजतो, असं सांगून तलअतने मला उन्हाची, पाण्याचा निचरा होणारी जागा मिळवून दिली. तिथवर सगळं नीट झालं.

पण नौजर द्राक्षवेलींची छाटणी करणारा होता, आणि पंचक्रोशीत त्याच्या कात्रीचं नाव होतं. दरवर्षी थंडी सरता सरता तो वेलीच्या काडीवर दोनच डोळे, म्हणजे फुटीच्या जागा, ठेवायचा आणि बाकी सगळं उडवायचा. वेलीला ते मानवतं, कारण तिचं फळ नव्या फुटीवर येतं. माझी फुलं मात्र जुन्या फांद्यांत असतात. उन्हाळ्यात कळ्यांची तयारी करून मी त्या सालीआड जपून ठेवतो. नौजर नेमका त्याच फांद्यांवर करवत चालवायचा. लाकूड करकरायचं, भुसा बर्फावर पडायचा, आणि माझा अख्खा वसंत जळणाच्या ढिगात जायचा. अशी पाच वर्षं गेली. घळीतल्या अर्गवानाला कोण छाटतं, असं तलअतने दहादा विचारलं. झाडं मला शिकवू नकोस, असं त्याने दहादा सांगितलं.

सहाव्या वर्षी, छाटणी उरकूनही त्याचं समाधान झालं नाही आणि त्याने कुऱ्हाड काढली.

न फळणाऱ्या, न फुलणाऱ्या झाडाला धाक घालायची आमच्याकडे रीत आहे. एकाने कुऱ्हाड उगारून झाडावर धावून जायचं. दुसऱ्याने मध्ये पडायचं, म्हणायचं, एवढं वर्ष सोड, मी जामीन राहतो. घरच्याचा जामीन चालत नाही; वेगळ्या चुलीचा माणूस लागतो. कुऱ्हाड कधीच झाडाला लागत नाही. नौजरच्या नासपती आणि बिही या फळझाडांना दरवर्षी भिंतीपलीकडचा थोरला भाऊ फरामर्ज जामीन राहायचा.

पण त्या हिवाळ्यात पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून भाऊ एकमेकांना भिडले होते. नौजरने फावड्याने फरामर्जची भुवई हाडापर्यंत फोडली होती. त्याला सहा आठवडे झाले होते आणि बोलणं बंद होतं.

शेजारी गच्चीवर बसून बघत होते. नौजर ओरडत माझ्यावर धावून आला, कुऱ्हाड उगारली आणि थांबला. मध्ये कोणीच पडेना. फरामर्जच्या जागी उभं राहायचं म्हणजे भांडणात बाजू घ्यायची, ती कोणाला नको होती. नौजरने दाराकडे पाहिलं. गच्चीवर कोणीतरी फिसकन हसलं.

आणि त्याने घाव घातला. साल फाटली. दुसऱ्या घावाला पांढरं लाकूड उघडं पडलं. माझे ढलपे त्याच्या तोंडावर उडत होते आणि दात आवळून तो मारत होता. ज्याला मारायचं होतं तो मी नव्हतो, एवढं मला कळलं. पण मरणार मीच होतो.

तलअत भिंतीशी धावली. "भाऊजी," ती पलीकडे ओरडली, "यांनी तुमचं डोकं फोडलं, ते मी विसरायला सांगत नाही. पण माझं झाड मरतंय."

तिसरा घाव बसला. चौथा उगारलेला असताना भुवईवर ताजा व्रण असलेला फरामर्ज मध्ये येऊन उभा राहिला.

"मी जामीन," तो म्हणाला. "पण तारण हवं. तुझी कात्री आणि करवत माझ्या घरी राहतील."

"दादा, मग वेली कशाने छाटू? दाताने?"

"येऊन मागायचं. संध्याकाळी आणून द्यायचं."

नौजर तिथेच मटकन बसला आणि रडला. तलअतने माझ्या जखमांवर चिखल थापला.

वर्षभर कात्रीसाठी नौजरला भावाच्या दारात जावं लागलं, आणि कात्रीबरोबर चहाही मिळू लागला. मला कोणी हात लावला नाही. पुढच्या वसंतात मी खालपासून वरपर्यंत फुललो, नुसत्या बुंध्यातूनही फुलं फुटली. गल्ली बघायला लोटली.

"तीन घाव घातले, तेव्हा कुठे वठणीवर आला," नौजर सांगू लागला.

"कात्री वर्षभर कुठे होती, तेही सांगा की," तलअत म्हणाली. लोकांना ती थट्टा वाटली.

मग गल्लीत रीतच बदलली. तीन घाव पुरे होईपर्यंत लोक जामिनाला दाराआड थांबवू लागले. त्या हंगामात कुऱ्हाडीचे आवाज ऐकत मी फुललेला उभा होतो, आणि प्रत्येक अंगणात माझंच उदाहरण दिलं जात होतं. चार झाडं वाळली.

मित्रांनो, मी भिऊन फुललो नाही. एक वर्ष मला सोडून दिलं, म्हणून फुललो. अंगणात झाड लावाल तेव्हा ते आपली फुलं जुन्या फांदीत ठेवतं की नव्या, एवढं आधी बघा. कात्री त्यानंतर उचला. हे खरं तर त्या चारांतल्या, समोरच्या अंगणातल्या जर्दाळूने सांगायला हवं होतं. पण तो उरला नाही, म्हणून मी सांगतो आहे.